रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल, मग डॉक्टर ॲडमिट का करतायत?

मी पुण्यात सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्त घेणं, मशीन लावणं, रिपोर्ट टाइप करणं सगळंच, आणि संध्याकाळी साडेसहाला रिपोर्ट न्यायला जी गर्दी होते त्यात आठवड्यातून एखादा तरी नवरा असा असतो की कागद हातात घेऊन तिथेच उभा राहतो. बायकोला सातवा-आठवा महिना, बीपी जरा वाढलंय म्हणून डॉक्टरांनी ढीगभर टेस्ट लिहून दिलेल्या, आणि रिपोर्टमध्ये एकही आकडा ठळक नाही, बाण नाही, स्टार नाही. मग तो विचारतो, "मॅडम, सगळं नॉर्मलच आहे ना? मग ॲडमिट व्हा का म्हणतायत?" आणि जरा थांबून, हळू आवाजात, "बिल वाढवायला तर नाही ना?"

काउंटरवर मला उत्तर देता येत नाही, ते माझं काम नाही आणि परवानगीही नाही. इथे लिहिते. मी डॉक्टर नाहीये, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलंय आणि बारा वर्षं दुसऱ्यांचं रक्त बघतेय, त्यामुळे गोळी कुठली घेऊ वगैरे मला विचारू नका, कागदावरचा आकडा काय सांगतो तेवढंच सांगेन. आणि खरं सांगायचं तर यातलं बरंचसं मी पण नीट वाचलं ते माझ्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणानंतरच, तोपर्यंत मी पण मशीनमधून निघालेला आकडा टाइप करून मोकळी होत होते.

पहिलटकरीण, एकोणतीस आठवडे, कार्यक्रम कोथरूडला घरीच. फुलांची वाडी भरून झाली, आता हिरव्या बांगड्या भरायच्या. मावशीने तुळशीबागेतून आणलेल्या, सव्वादोनचं माप, हिचं कॉलेजपासूनचं माप. चढेचनात. साबण लावला, मग कोणीतरी म्हणालं हाताला प्लास्टिकची पिशवी घालून चढव, ती पण घातली, अंगठ्याच्या हाडापाशी अडकून एक बांगडी वाढली (फुटली म्हणायचं नसतं), जरासं रक्त आलं आणि सगळ्याजणी हसायला लागल्या. मावशी म्हणाली, "अगं दिवसांत सूज असतेच, मला तर चपला होत नव्हत्या." मावशीचं चूक नव्हतं, गरोदरपणात पायावर सूज बहुतेक जणींना येते आणि आता नुसत्या सुजेवरून डॉक्टरही काही ठरवत नाहीत. पण हिचे डोळे सकाळी उठल्यासारखे जड दिसत होते, दुपारचे बारा वाजले होते, आणि मागच्या आठवड्यात अंगठी काढून ठेवली म्हणून सांगत होती. मी मावशीचंच बीपीचं मशीन काढलं. १४८/९६. लगेच सगळ्या सुरू, दगदग झालीये, शालू नेसून बसलीये, उकाडा आहे. बरं म्हटलं. संध्याकाळी कपडे बदलून, शांत बसवून परत बघितलं, १५०/९४.

फाईल चाळली तर आधीच्या व्हिजिटला १३८/८८ लिहिलेलं, त्याच्या आधी १२६/८०, आणि सुरुवातीला १०४/६६. एकेक आकडा एकेकटा बघितला तर सगळे ठीक होते. पण ओळीने वाचले तर जिना चढल्यासारखे दिसत होते, आणि तो जिना कोणी बघितला नव्हता. मी पण नाही, आणि मी तर घरातली.

आता नियम काय आहे ते. वीस आठवड्यांनंतर वरचं १४० किंवा खालचं ९० याला टेकलं किंवा वर गेलं, आणि किमान चार तासांच्या अंतराने दोनदा असं दिसलं, की ते गरोदरपणातलं हाय बीपी. वरचं १६० किंवा खालचं ११० झालं तर ते सिव्हियर, तिथे उद्या बघू करायचं नसतं, लगेच हॉस्पिटल. वीस आठवड्यांच्या आधीपासूनच बीपी असेल तर ते बहुतेक वेळा आधीचंच जुनं बीपी असतं. आणि वीस आठवड्यांनंतर चढलेल्या बीपीसोबत लघवीतून प्रोटीन जायला लागलं, किंवा किडनी, लिव्हर, प्लेटलेट, डोकं, डोळे, फुप्फुस यातलं काही बिघडायला लागलं, किंवा बाळाची वाढ मागे पडली, की त्याला म्हणायचं प्रीक्लॅम्पसिया. त्याच्या पुढे फिट्स आल्या की एक्लॅम्पसिया, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वीज चमकणं, आणि ज्यांनी बघितलंय त्या सिस्टर सांगतात की होतं पण तसंच अचानक. जगभरात शंभर गरोदर बायकांमधल्या साधारण २ ते ८ जणींना प्रीक्लॅम्पसिया होतो, म्हणजे एखाद्या मोठ्या ओपीडीच्या बाकावर एकीला तरी असतोच असं धरून चला.

हा आजार सुरू होतो वारेत. वार म्हणजे प्लॅसेंटा, बाळ झाल्यावर मागून पडते ती. गर्भपिशवीच्या भिंतीत आईच्या ज्या रक्तवाहिन्या असतात त्या मुळात बारीक, स्प्रिंगसारख्या पिळाच्या, आणि त्यांना स्वतःचे स्नायू असतात, त्या आवळतात आणि सैल होतात. सुरुवातीच्या चारपाच महिन्यांत वारेतल्या पेशी या वाहिन्यांमध्ये शिरतात, ते स्नायू काढून टाकतात आणि वाहिनीचं तोंड चांगलं रुंद करतात, मग रक्त संथ आणि भरपूर यायला लागतं. हे काम अर्धवट राहिलं की वाहिनी बारीकच राहते. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून बघा, पाणी फवाऱ्यासारखं जोरात उडतं, कुंडीतली माती उडते आणि मुळाशी मुरत काहीच नाही. वारेचं तेच होतं, जोराचा मारा बसतो पण पोटभर मिळत नाही. हे सगळं पाचव्या महिन्याच्या आसपास होऊन गेलेलं असतं, आणि बीपी चढतं सातव्यात आठव्यात. म्हणजे डोहाळजेवणाच्या दिवशी जे १४८ दिसलं त्याची सुरुवात आधीच कधीतरी झालेली होती, शालूचा आणि उकाड्याचा काही संबंध नव्हता.

मग प्रश्न असा की बिघाड वारेत, तर किडनी आणि लिव्हर आणि मेंदूला त्रास का? हे डॉक्टर लोकांनाही खूप वर्षं नीट माहीत नव्हतं, जुन्या पुस्तकात याला टॉक्सिमिया म्हणायचे, म्हणजे रक्तात काहीतरी विष आहे असा अंदाज. ते काहीतरी काय असू शकतं याचं चांगलं उत्तर २००३ मध्ये आलं, अनंत करुमंची म्हणून मूळचे भारतातले किडनीचे डॉक्टर आहेत, बोस्टनमध्ये काम करत होते, त्यांच्या टीमने दाखवलं की आजारी वार एक प्रोटीन रक्तात जास्तीचं सोडते, एसएफएलटी-१. हेच प्रोटीन जास्त प्रमाणात उंदरांच्या अंगात आणलं तर त्यांचं बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन गेलं आणि किडनीत प्रीक्लॅम्पसियासारखेच बदल दिसले.

हे काय करतं ते मी आमच्या सोसायटीतल्या दुधावरून समजावते. आमच्याकडे प्रत्येक दाराला कडीला एक कापडी पिशवी टांगलेली असते, पहाटे दूधवाला त्यात दुधाच्या पिशव्या टाकून जातो. समजा कोणीतरी गेटपासून जिन्यापर्यंत तशाच्या तशा कापडी पिशव्या टांगून ठेवल्या, ज्यांच्यामागे घरच नाही. दूधवाला बिचारा दिसेल त्या पिशवीत टाकत येणार आणि वरपर्यंत पोचेपर्यंत क्रेट रिकामं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला धड राहायला दोन प्रोटीन लागतात, व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ, पीएलजीएफ तर वारच बनवते. ही दोन म्हणजे दूध. अस्तराच्या पेशींवर ती पकडायला जी जागा असते ती दारावरची पिशवी. आणि एसएफएलटी-१ म्हणजे त्याच पिशवीची सुटी तरंगणारी कॉपी, रक्तातल्या रक्तातच ती व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ धरून ठेवते. अस्तर उपाशी. मग रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, किडनीची गाळणी गळायला लागते आणि प्रोटीन लघवीत येतं, लिव्हरला सूज, मेंदूला सूज, प्लेटलेट खराब अस्तरावर चिकटून चिकटून संपतात. रक्तवाहिन्या सगळ्या अंगात आहेत म्हणून त्रास पण सगळ्या अंगात.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, गरोदर बायकांच्या साठवलेल्या रक्तावरून असं दिसलं की प्रीक्लॅम्पसिया दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ वर जायला लागतं आणि पीएलजीएफ कमी पडतं. यावरून आताची ती रेशोची टेस्ट आली, एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ. एक वर जातंय आणि एक खाली येतंय म्हणून भागाकार केला की फरक आणखी ठळक दिसतो, बाकी त्यात जादू काही नाही.

आणि इथे लोकांची सगळ्यात मोठी गल्लत होते म्हणून जरा सावकाश वाचा. २०१६ मध्ये जो मोठा अभ्यास आला त्यात ३८ हा आकडा धरला होता. प्रीक्लॅम्पसियाचा संशय आहे अशा बाईचा रेशो ३८ किंवा त्याच्या खाली आला तर पुढचा एक आठवडा तिला तो होणार नाही हे ९९.३ टक्के वेळा बरोबर निघालं. पण ३८ च्या वर आला तर पुढच्या चार आठवड्यांत खरंच झाला तो साधारण ३७ टक्के जणींनाच. म्हणजे ही टेस्ट 'सध्या नाही' हे फार छान सांगते, 'होणारच' हे तेवढं छान नाही सांगत. त्यामुळे ४५ आलं म्हणून रडत बसायचं नाही, जास्त लक्ष ठेवायचं, आणि ३० आलं म्हणून पुढचे दोन महिने निर्धास्त राहायचं नाही, त्याची गॅरंटी आठवड्याची आहे. ३४ आठवड्यांच्या आधी ८५ च्या वर किंवा नंतर ११० च्या वर गेला तर मात्र आजार आहे असंच धरून चालतात. अमेरिकेत अशा टेस्टला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तिथे कटऑफ ४० आहे, कारण मशीन वेगळं आणि प्रश्न पण जरा वेगळा, आधीच ॲडमिट असलेली बाई दोन आठवड्यांत सिव्हियरकडे जाईल का असा. म्हणूनच एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनच्या कटऑफला लावायचा नाही, रिपीट करायची असेल तर त्याच लॅबमध्ये करा. आमच्याकडे ही टेस्ट होत नाही, आम्ही रक्त फिरवून वरचं सीरम काढतो आणि बर्फाच्या डब्यात मोठ्या लॅबला पाठवतो.

बहिणीचा पहिला रेशो आला ३१. तिला घरी सोडलं, लॅबेटालॉल (बीपीची गोळी) सुरू, दिवसातून दोनदा बीपी, आठवड्याने परत बोलावलं. मावशीने लगेच पेढे आणले, मी म्हटलं मावशी आठवडाच सांगितलाय हं. तीन आठवड्यांनी, बत्तीस झाले होते, रेशो १२४.

गंमत (गंमत कसली) म्हणजे त्याच दिवशीच्या बाकीच्या रिपोर्टमध्ये एकही स्टार नव्हता. प्लेटलेट १ लाख ५५ हजार, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) ०.९, हिमोग्लोबिन १३.२. काउंटरवरच्या त्या नवऱ्याचा प्रश्न आता माझ्या भाओजींनी मलाच विचारला.

तर उत्तर असं आहे. रिपोर्टवर शेजारी जी रेंज छापलेली असते ती गरोदर नसलेल्या माणसांची असते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाई आणि पुरुष एवढाच फरक, गरोदर असं बटणच नाही, आणि बऱ्याच लॅबमध्ये तसंच असणार. पण गरोदरपणात शरीराचा सगळा हिशोबच बदलतो. किडनी जवळपास दीडपट जोराने गाळायला लागते म्हणून क्रिएटिनिन खाली येतं, ०.५, ०.६ असं असतं. तिथे ०.९ म्हणजे रेंजमध्ये असूनही चढलेलं आहे, आणि हिचं चौथ्या महिन्यात ०.५ होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. १.१ च्या वर गेलं तर तो प्रीक्लॅम्पसियाचाच एक निकष. हिमोग्लोबिनचं तर उलटंच, आपल्याकडे १३ दिसलं की घरात आनंद, खजूर लागू पडले म्हणून. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरणं हेच अपेक्षित आहे, आणि आधी १०.८ असलेलं अचानक १३ झालं तर दरवेळी ती लोहाची कमाल नसते, वाहिन्या गळायला लागून रक्तातलं पाणी बाहेर गेलं आणि रक्त दाट झालं असंही असू शकतं. प्लेटलेट गरोदरपणात जराशा कमी होतातच, पण २ लाख ४० वरून १ लाख ५५ ही घसरण बघायची असते, नुसतं दीड लाखाच्या वर आहे म्हणून सोडायचं नसतं. १ लाखाच्या खाली म्हणजे मग सिव्हियरच. एसजीओटी एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम) दुपटीच्या वर, तेही तसंच. उलट लिव्हरच्या रिपोर्टमधल्या अल्कलाइन फॉस्फटेजला शेवटच्या महिन्यांत हमखास स्टार येतो आणि लोक घाबरतात, ते बहुतेक वेळा वारेतूनच आलेलं असतं, त्यासाठी झोप घालवू नका. युरिक ॲसिड डॉक्टर जुन्या सवयीने लिहितात, प्रीक्लॅम्पसियात ते वाढतं हे खरंय, पण एकट्याच्या जोरावर त्यातून फार काही ठरत नाही.

म्हणून काय करा, पहिल्या तीन महिन्यांतला एक सीबीसी (हिमोग्लोबिन-प्लेटलेटचा रिपोर्ट) आणि एक क्रिएटिनिन जपून ठेवा. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी लावून बघता येतो, आणि छापील रेंजपेक्षा तो कागद जास्त कामाचा आहे.

लॅबमधल्या दोन भानगडी पण सांगून ठेवते कारण यावरून उगाच धावपळ होते. प्लेटलेट मोजायला रक्त जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये घेतो, त्यात ईडीटीए असतं, काही जणींच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळेच गोळा होऊन चिकटतात आणि मशीनला ४० हजार दिसतात, अंगात असतात दोन लाख. म्हणून अचानक फार कमी आल्या तर स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघितलंय का हे विचारा, हक्काने विचारा. दुसरं, रक्त फिरवल्यावर वर जे सीरम येतं ते फिकट पिवळं असायला पाहिजे. ते गुलाबी आलं तर नव्वद वेळा आमचीच चूक असते, सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, बल्ब हलवला. आम्ही परत रक्त मागतो आणि शिव्या खातो. पण दुसऱ्यांदा चांगलं घेऊनही गुलाबीच आलं आणि पेशंट गरोदर, बीपीवाली असेल तर मी रिपोर्टची वाट न बघता आमच्या मॅडमना फोन करते, कारण रक्तपेशी अंगातच फुटत असतील तर ते हेल्प सिंड्रोम असू शकतं. नाव मदतीचं वाटतं पण तीन गोष्टींची इंग्रजी अक्षरं आहेत, रक्तपेशी फुटणं, लिव्हर एन्झाइम वाढणं, प्लेटलेट कमी होणं, १९८२ मध्ये लुई वाइनस्टाइन यांनी हे नाव दिलं. यात बाईला बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, आणि आपल्याकडे घरोघरी त्याला पित्त म्हणून जिऱ्याचं पाणी देतात. बीपी कधीकधी फार चढलेलं पण नसतं. तिसऱ्या तिमाहीत असं दुखलं तर जिऱ्याचं पाणी राहू द्या, आधी बीपी आणि रक्त.

लघवीचं थोडक्यात. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर नावाच्या डॉक्टरने फिट्स आलेल्या बायकांची लघवी तापवून बघितली तर ती गढूळ झाली, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तशी, म्हणजे प्रोटीन. आम्ही कॉलेजमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर हेच शिकलोय. आता पट्टी बुडवतात, पिवळी पट्टी हिरवी होत जाते, पण पाणी कमी प्यायलं की पट्टी जास्त दाखवते आणि ढसाढसा प्यायलं की कमी, म्हणून प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करतात, ०.३ किंवा जास्त म्हणजे प्रोटीन जातंय. नाहीतर चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये, ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली घ्यायची, हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी उलटं करून आणतं. आणि एक, २०१३ पासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने प्रोटीन असलंच पाहिजे ही अटच काढून टाकली. लघवी क्लिअर आहे म्हणून काही नाही, असं आता कोणी म्हणालं तर ते जुनं झालं.

हे आधीच ओळखता येतं का? काही प्रमाणात येतं. अकरा ते चौदा आठवड्यांमध्ये एनटी स्कॅन आणि डबल मार्कर होतंच, त्याच वेळी बीपी, गर्भपिशवीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं डॉपलर, रक्तातलं पॅप-ए (हे पण वारेतूनच येणारं प्रोटीन) आणि पीएलजीएफ एवढं एकत्र करून रिस्क काढता येते. २०१७ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये जास्त रिस्क निघालेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, ३७ आठवड्यांच्या आधी होणारा प्रीक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. गोळी स्वस्त, पण ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग, कारण नंतर वाहिन्यांचं रुंदीकरण होऊन गेलेलं असतं (रस्त्यांच्या रुंदीकरणासारखं नाही, हे वेळेत संपतं). आधीच्या बाळंतपणात प्रीक्लॅम्पसिया, जुळी, आधीपासून बीपी, डायबेटिस, किडनीचा किंवा लूपसचा आजार असेल तर पहिल्याच व्हिजिटला स्वतःहून सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. पहिलटकरीण, पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, आईला किंवा बहिणीला झालेलं, आयव्हीएफ, यातलं काही असेल तरी सांगा. मनाने सुरू मात्र करू नका, ॲस्पिरिन सगळ्यांना चालत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून देतात त्या नुसत्या हाडांसाठी नाहीत, ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी आहे त्यांच्यात प्रीक्लॅम्पसिया कमी होतो. फक्त लोहाच्या गोळीसोबत एका घोटात घेऊ नका.

मीठ बंद करणं, लोणचं-पापड तोडणं, दिवसभर पडून राहणं, याने हा आजार थांबतो असं दिसलेलं नाही. बहिणीला तीन आठवडे अळणी वरण दिलं होतं, ती बीपीपेक्षा त्यानेच जास्त रडली. आणि घरी बीपी बघताना डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं बघू नका, कमी येतं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून, दंड हृदयाच्या उंचीला. गप्प म्हणजे फोन पण नाही.

ज्यांना आधीपासून बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल वगैरे, त्यांनी पाळी चुकल्या चुकल्या डॉक्टरांना गाठा, या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. चालतात त्या लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. या तिघींची सिव्हियर बीपीमध्ये तोंडाने द्यायच्या गोळ्या म्हणून समोरासमोर तुलना कुठे झाली माहितीये? आपल्या नागपूरला, दोन सरकारी हॉस्पिटलमध्ये, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, तिन्ही उपयोगी ठरल्या. आणि पुण्यातसुद्धा भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने घेऊन प्रीक्लॅम्पसियावर काम चाललंय, त्यामुळे कोणी तुमच्याकडे संशोधनासाठी जास्तीचा एक बल्ब मागितला तर नाक मुरडण्याआधी फॉर्म वाचा.

गोळ्यांनी बीपी उतरतं, आजार जात नाही. तो सुटायला वार बाहेर यावी लागते. म्हणून सगळा खेळ दिवसांचा असतो, आईला धोका न होता बाळाला पोटात किती दिवस ठेवता येईल. साधारणपणे ३७ आठवडे झाले की डिलिव्हरी, सिव्हियर असेल तर ३४ च्या पुढे थांबत नाहीत, आणि फारच बिघडलं तर त्याच्याही आधी. बहिणीला बत्तीसला ॲडमिट केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, आणि तेहतीस आठवडे चार दिवसांवर प्लेटलेट ९२ हजार आणि डोळ्यापुढे काजवे चमकायला लागले तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट लावून सिझर केलं. मॅग्नेशियम म्हणजे फिट्स येऊ नयेत म्हणून, २००२ च्या मॅगपाय ट्रायलमध्ये ३३ देशांतल्या दहा हजार बायकांवर बघितलं होतं, एक्लॅम्पसियाची शक्यता निम्म्याहून कमी झाली. ते लावलं की अंगात आग होते, सिस्टर सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारतात आणि लघवी मोजतात, ते जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका जातो म्हणून. घाबरू नका, मारू द्या.

मुलगी झाली, पावणेदोन किलो, एनआयसीयूत काचेत. आम्ही सुटलो असं वाटलं.

आणि हे कोणीच नीट सांगत नाही म्हणून सांगते, बाळंतपणानंतर बीपी लगेच उतरतंच असं नाही, तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास ते उलट परत चढतं. म्हणजे नेमकं कधी, तर पाचवीच्या दिवशी. घरात पाटा-वरवंटा मांडलाय, कोणीतरी नैवेद्य करतंय, आणि बाळंतीण म्हणतेय डोकं दुखतंय. मग उत्तर ठरलेलं, कान बांधले नाहीस, वारं लागलं. बहीण चौथ्या दिवशी घरी आली होती (बाळ तिकडेच), पाचव्या दिवशी संध्याकाळी डोकं धरून बसली, मावशी रुमाल घेऊन कान बांधायला आलीच होती, मी रुमालाच्या आधी मशीन लावलं, १६४/१०८. परत हॉस्पिटल, परत दोन रात्री. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत फिट्स येऊ शकतात, त्यामुळे डोकेदुखी, अंधारी, धाप, पोटात वर दुखणं यातलं काही झालं तर शेक-शेगडी नंतर, बीपी आधी. दहाव्या दिवसापर्यंत तरी घरी रोज बघा.

पुढचं पण थोडं आहे. ज्यांना प्रीक्लॅम्पसिया झालाय त्यांना पुढे आयुष्यात कायमचं बीपी लागण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण तिप्पट-चौपट असते, आणि हृदयाच्या आजाराची, पक्षाघाताची साधारण दुप्पट. वर्षातून एकदा बीपी, शुगर, लिपिड, क्रिएटिनिन, आणि चाळिशीत छातीत दुखलं म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर 'बाळंतपणात बीपी होतं' हे सांगायचं, ते विचारत नाहीत. बाळंतपणाची फाईल रद्दीत घालू नका.

बहीण आता दर जुलैत माझ्याकडेच रक्त द्यायला येते, मुलीला घेऊन, ती पोरगी काउंटरवर चढून बल्बची टोपणं रंगाप्रमाणे लावत बसते. मागच्या वेळी मी विचारलं फाईल कुठेय, तर म्हणाली माळ्यावर. म्हटलं उतरव आधी.